आक्षेप कोणी घ्यायचा?

रेल्वे अधिनियम, १९८९ मधील कलम १६७ प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी लक्षपूर्वक वाचावे असे आहे. डब्यातील दुसऱ्या प्रवाशाने आक्षेप घेतल्यास कोणीही त्या डब्यात धूम्रपान करू नये, केल्यास शंभर रुपयांपर्यंत दंड, असा त्याचा आशय आहे. एखाद्या गाडीत किंवा गाडीच्या एखाद्या भागात धूम्रपान पूर्णतः बंद करण्याचा अधिकारही त्याच कलमाने रेल्वे प्रशासनाला दिला आहे. परंतु मूळ कल्पना अशी की नियम जागा होतो तो सहप्रवाशाच्या आक्षेपाने. आक्षेप नसेल तर गुन्हाही नाही.

वरवर पाहता ही रचना समंजस वाटते. दोन प्रौढ नागरिक समोरासमोर बसले आहेत, एकाने विडी काढली, दुसऱ्याने नको म्हटले, पहिल्याने ती खिशात ठेवली. पण हे चित्र खरे ठरण्यासाठी त्या दोघांचा दर्जा समान हवा. आक्षेप घेण्यासाठी हिंमत लागते, भाषा लागते, आणि आक्षेप घेतल्यानंतर आपले काही बिघडणार नाही याची खात्री लागते. या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी नाहीत त्याच्या मौनाला कायदा संमती समजतो.

मी सेवेत आलो तो पांढऱ्या अँबॅसडर गाड्यांचा काळ. परिविक्षाधीन अधिकारी म्हणून हिमालयाच्या पायथ्याशी एका जिल्ह्यात माझी नेमणूक झाली होती. तेथील माझे वरिष्ठ अतिशय सज्जन व सुसंस्कृत गृहस्थ होते. दौऱ्यावर निघाल्यावर घाटरस्ता लागला की ते सिगारेट काढीत आणि पेटवण्यापूर्वी न चुकता मला विचारीत, "आपको एतराज तो नहीं?" त्यांचे विचारणे मनापासून असे याबद्दल मला शंका नाही. मी "नहीं सर" म्हणत असे. त्या गाडीत दुसरे उत्तर उपलब्धच नव्हते. पुढच्या बाजूला बसलेल्या चालकाला व शिपायाला विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. कधीकधी त्यांच्या दोन मुलांना वाटेत शाळेवर सोडून आम्ही पुढे जात असू. थंडीमुळे काचा बंद असत. मुले माझ्या शेजारी दप्तरे मांडीवर घेऊन बसत. त्यांनाही कधी कोणी विचारले नाही.

पुढील काळात धूम्रपानविषयक कायदा या आक्षेपाच्या कल्पनेपासून हळूहळू दूर गेला. दिल्लीने १९९६ मध्ये व गोव्याने १९९७ मध्ये आपापले कायदे केले. केरळ उच्च न्यायालयाने जुलै १९९९ मध्ये सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान बेकायदा ठरवताना राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, आधार घेतला. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशभरासाठी आदेश दिला. २००३ मध्ये संसदेने सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांचा कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याखालील नवे नियम अंमलात आले. आता प्रश्न शेजाऱ्याने आक्षेप घेतला काय हा राहिला नाही. रुग्णालय, न्यायालय, शाळा, कचेरी, सार्वजनिक वाहन, उपाहारगृह येथे धूम्रपान करायचे नाही. केल्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड. कर्नाटकाने अलीकडे आपल्यापुरती ही रक्कम वाढवून एक हजार केली आहे.

हा मोठाच बदल होता. दुर्बलाला तोंड उघडण्याची गरज राहिली नाही. जागेनेच त्याच्या वतीने आक्षेप घेतला. मात्र हा आक्षेप दोन दारांपाशी येऊन थांबला. एक घराचे दार व दुसरे खासगी मोटारीचे.

सचिवालयात असताना माझ्याकडे एक नस्ती आली होती. एका बालरोगतज्ज्ञाने शासनाला लिहिलेले दोन पानी पत्र तिच्या तळाशी होते. त्यांच्याकडे छातीत घरघर होणारी मुले वारंवार येत. वडिलांना विचारले की ते मोठ्या अभिमानाने सांगत, "डॉक्टरसाहेब, मुलगी झाल्यापासून घरात एकही सिगारेट ओढलेली नाही. ओढतो ती फक्त गाडीत." आणि त्याच गाडीतून ते मुलीला रोज शाळेत नेत. घर स्वच्छ राखण्याच्या प्रामाणिक प्रयत्नात धूर घरातून निघून घराहून कितीतरी लहान अशा बंद पेटीत गेला होता, आणि मूल त्या पेटीत धूम्रपान करणाऱ्यापासून हातभर अंतरावर बसत होते. मुले असलेल्या मोटारीत धूम्रपानास बंदी करावी, अशी त्यांची साधी मागणी होती.

त्या पत्रावर चढत गेलेल्या टिपण्या मी क्रमाने वाचल्या. आरोग्य विभागाने लिहिले, विषय मोटार वाहनांचा आहे, परिवहनाकडे पाठवावे. परिवहनाने लिहिले, विषय तंबाखूचा आहे, तो कायदा आमच्याकडे नाही. गृह विभागाने लिहिले, कायदा झाल्यास पोलीस अंमलबजावणी करतील. विधी विभागाने लिहिले, मूळ कायदा केंद्राचा आहे, राज्याला सुधारणा करायची झाल्यास राष्ट्रपतींची अनुमती लागेल. यांपैकी एकही टिपणी चुकीची नव्हती. माझ्याकडे नस्ती आली तेव्हा तिच्यावर "तूर्त दप्तरदाखल करावे" असा शेरा तयारच होता. मी तो बदलून केंद्राकडे शिफारस पाठवण्याचे सुचवले. शिफारस गेली, पोच आली, आणि पुढे काही झाले नाही. पण त्या निमित्ताने मी या विषयाचा जो अभ्यास केला तो येथे मांडतो आहे. परदेशी राहणाऱ्या वाचकांपैकी अनेकांना हा कायदा रोजच्या व्यवहारात ठाऊक असेल. आपण तो पाळतो म्हणजे नेमके काय पाळतो, हे त्यांनाही कदाचित उपयोगी वाटेल.

अमेरिकेत आर्कान्सा राज्याने २००६ मध्ये सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्याने ३१ मे २००७ पासून सोळा वर्षांखालील मूल गाडीत असताना धूम्रपानास बंदी केली आणि पुढील काही वर्षांत इतर राज्येही त्या वाटेने गेली. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २००८ पासून अठरा वर्षांची मर्यादा घातली, पण एक अट ठेवली: केवळ या कारणासाठी पोलिसाने गाडी थांबवायची नाही, दुसऱ्या कारणाने थांबवली व हा प्रकार दिसला तरच दंड. कॅनडात ओंटारिओचा कायदा २१ जानेवारी २००९ रोजी आला. दक्षिण आफ्रिकेने त्याच वर्षी बारा वर्षांखालील मुलांसाठी बंदी केली. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसने तर २००८ च्या नियमांन्वये खासगी वाहनात कोणीही सहप्रवासी असला तरी धूम्रपान करायचे नाही असे ठरवले. तेथे वयाचा हिशेबच ठेवावा लागत नाही. संयुक्त अरब अमिरातीत, जेथे आपले हजारो लोक आहेत, बारा वर्षांखालील मूल असताना बंदी आहे.

इंग्लंडमधील कथा प्रशासनाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. तेथे सरकार आरंभी या कायद्यास अनुकूल नव्हते. वरिष्ठ सभागृहाने २०१४ च्या आरंभी दुरुस्ती संमत केली. मग कनिष्ठ सभागृहात पक्षादेश न काढता मतदान झाले आणि ३७६ विरुद्ध १०७ मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. १ ऑक्टोबर २०१५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये अठरा वर्षांखालील कोणी गाडीत असल्यास धूम्रपान करणारा, आणि त्याला न रोखणारा चालकही, दंडास पात्र ठरला. दंड पन्नास पौंड. खिडकी उघडी असली किंवा दार उघडे ठेवून बसले तरी सुटका नाही. टप पूर्ण उघडलेली गाडी मात्र वगळली आहे. स्कॉटलंडने ५ डिसेंबर २०१६ पासून शंभर पौंडांचा दंड ठेवला. इंग्लंडच्या पोलिसांनी सुरुवातीला दंडापेक्षा समज देण्यावर भर दिला व प्रत्यक्ष दंड फारच थोड्यांना झाला. टोकियो महानगराने २०१८ मध्ये लागू केलेल्या नियमात तर मुलांना धुरापासून वाचवण्याचे कर्तव्य सांगितले आहे, पण दंडच ठेवलेला नाही.

या कायद्यांमागील वैद्यकीय आधार पक्का आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलने २००६ च्या अहवालात परक्या धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नाही असा निष्कर्ष काढला. मुलांच्या बाबतीत तान्ह्या बाळाचा अचानक मृत्यू, श्वसनमार्गाचे संसर्ग, मध्यकर्णाचे विकार व दम्याचे तीव्र झटके यांच्याशी त्याचा संबंध त्यात नोंदला आहे. प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, तान्हे मूल ३० हून अधिक. म्हणजे त्याच हवेतून ते आपल्या वजनाच्या मानाने कितीतरी जास्त धूर आत घेते. गाडीतील हवेचे आकारमान थोडे, आणि खिडकी उघडल्याने धुराचे प्रमाण कमी झाले तरी धोका संपत नाही.

परंतु याच विषयातील एक प्रसंग प्रत्येक प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याला शिकवावा असा आहे. गाडीतील धूर धुराने भरलेल्या मद्यगृहापेक्षा २३ पट विषारी असतो, असे विधान अनेक देशांतील प्रचारात सर्रास केले जात होते. सिडनीच्या दोन संशोधकांनी या आकड्याचा उगम शोधायचे ठरवले. संदर्भाचा संदर्भ पाहत ते मागे गेले, तर तो एका स्थानिक वर्तमानपत्रातील वाक्यापाशी येऊन संपला. त्याच्यामागे संशोधन नव्हतेच. त्यांनी हे २०१० मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. ते दोघेही तंबाखूविरोधी बाजूचे होते, हे विशेष. तरीही नोव्हेंबर २०११ मध्ये ब्रिटनच्या डॉक्टरांच्या संघटनेने तोच आकडा वापरला व लगेच दुरुस्त करून ११ पट असा खाली आणला. विरोधकांना आयतेच कोलीत मिळाले. चांगल्या कामासाठी सैल आकडा वापरणे ही आपल्याकडील टिपण्यांतूनही दिसणारी सवय आहे. खरा आकडा पुरेसा असताना खोट्याची गरज का पडावी, हे मला कधी कळलेले नाही.

आता आपल्या कायद्याकडे वळू. २००३ च्या कायद्यातील व्याख्येनुसार सार्वजनिक ठिकाण म्हणजे हक्काने असो वा नसो, जेथे जनतेला प्रवेश आहे असे ठिकाण; त्यात सार्वजनिक वाहने येतात, मोकळी जागा येत नाही. खासगी मोटार यात बसते काय? सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या दारूबंदीसंबंधी २०१९ मध्ये दिलेल्या निर्णयात सार्वजनिक रस्त्यावरील खासगी गाडी त्या कायद्यापुरती सार्वजनिक ठिकाण मानली. त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखालील एका प्रकरणात खासगी जीप म्हणजे सार्वजनिक ठिकाण नव्हे असे म्हटले. यात विसंगती नाही. प्रत्येक कायद्याची व्याख्या व हेतू वेगळा आहे. पण याचा अर्थ असा की उद्या एखाद्या उत्साही अधिकाऱ्याने परिपत्रक काढून खासगी गाड्यांत दंड सुरू केला तर तो टिकेल याची शाश्वती नाही. व्याख्या ताणून चालवलेला कायदा पहिल्याच खंबीर वकिलापुढे गळून पडतो.

दुसरीकडे, मुलासाठी खासगी गाडीत कायदा शिरू शकत नाही हे म्हणणेही आता खरे राहिलेले नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या सुधारणेने कलम १९४ ब आले. चौदा वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्टा किंवा मुलांसाठीची बंधक व्यवस्था न लावता गाडी चालवल्यास हजार रुपये दंड. म्हणजे माझ्या गाडीत माझे मूल कसे बसावे हे सांगण्याचा अधिकार राज्याने घेतलेलाच आहे. तसेच बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मुलाच्या हातात सिगारेट दिली तर सात वर्षे. तीच सिगारेट बंद गाडीत स्वतः ओढून तिचा धूर त्याच्या छातीत भरला तर काहीच नाही. या दोन टोकांच्या मध्ये एखादी पायरी असावी, एवढेच त्या डॉक्टरांचे म्हणणे होते.

या मागणीवर घेतले जाणारे तीन आक्षेप मला गंभीर वाटतात.

पहिला, अग्रक्रमाचा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शंभरांपैकी दहा घरांकडेही मोटार नाही. आपली बहुसंख्य मुले दुचाकीवर, रिक्षात, बसमध्ये किंवा पायी जातात. महाराष्ट्रात तर तंबाखूचा मोठा प्रश्न धुराचा नसून चुना लावून खाल्ल्या जाणाऱ्या तंबाखूचा व मिश्रीचा आहे. हे सर्व मान्य. परंतु छोटा प्रश्न सोडवल्याने मोठा प्रश्न अडत नाही.

दुसरा, घराचा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत भारतातील ३८.७ टक्के प्रौढांनी घरात परक्या धुराचा संपर्क होतो असे सांगितले. मग गाडीच का? या आकड्यासोबत आधीचा आकडाही पाहावा: २००९-१० मध्ये तो ५२.३ टक्के होता. मधल्या काळात कोणताही शिपाई कोणाच्या घरात शिरलेला नाही. बाहेरच्या जगात जे अशिष्ट ठरले ते घरातही हळूहळू अशिष्ट ठरत गेले, असे मला वाटते. गाडी हे घर व रस्ता यांच्या मधले ठिकाण आहे. तिथला नियम दोन्ही बाजूंना पोचतो.

तिसरा आक्षेप माझ्या स्वतःच्या अनुभवातून आलेला, आणि तो मी सर्वांत जड मानतो. रस्त्यावरच्या शिपायाच्या हाती गाडी थांबवण्याचे आणखी एक कारण द्यायचे काय? काचेतून धूर दिसला, आत मूल दिसले, मूल सतरा वर्षांचे की अठरा हा वाद, आणि शेवटी पावतीशिवाय मिटणारा व्यवहार. चिरीमिरीचे नवे कुरण निर्माण करून आपण मुलांचे कोणते भले करणार? म्हणूनच कॅलिफोर्नियाची अट मला शहाणपणाची वाटते. बेल्ट, वेग, परवाना या कारणांसाठी गाडी थांबवलीच तर हा प्रकार नोंदवावा. पहिल्या वेळी लेखी समज, दुसऱ्या वेळी दंड.

अंमलबजावणी म्हणजे केवळ दंड नव्हे, हे मी २००८ चे नियम आल्यानंतर एका डोंगराळ विभागाचा आयुक्त असताना पाहिले. जिल्ह्यांकडून दरमहा तक्ते येत. बसस्थानक, रुग्णालयाचे आवार, कचेरी यांच्या रकान्यांत आकडे भरलेले असत. शाळकरी मुलांना नेणाऱ्या व्हॅन व सवारी जीप यांच्या रकान्यात सतत शून्य. आपल्याकडे ज्याला वडाप म्हणतात तसल्याच या जीपा; हिवाळ्यात काचा घट्ट बंद, आत मुले दाटीवाटीने बसलेली, आणि चालकाच्या ओठात विडी. एका मुख्याध्यापिकेला मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मुले घरी सांगतात, साहेब. पण आईबाप म्हणतात, गाडी वेळेवर येते ना, मग गप्प बसा. त्या रस्त्यावर दुसरी गाडी नाही."

आक्षेप कोणी घ्यायचा, हा प्रश्न तेथे पुन्हा समोर आला. आम्ही चलनांचे उद्दिष्ट वाढवले नाही. चालकांची बैठक तालुक्याच्या ठिकाणी बोलावली व तेथील सरकारी डॉक्टरांना बोलायला सांगितले. बैठकीत एक वयस्क चालक उभा राहिला आणि म्हणाला, "साब, यात माझी नातही बसते. घरीही आम्ही तिला मांडीवर घेऊन विडी ओढतो. याने तिला काही होते हे आजवर कोणी सांगितलेच नाही." त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, तो खरोखर चकित झाला होता. त्यानंतर परिवहन अधिकाऱ्यांनी शाळेच्या व्हॅनच्या परवान्याच्या अटींत धूम्रपानबंदी स्पष्ट लिहिली, आणि प्रत्येक व्हॅनमध्ये, चालकाला नव्हे तर मुलांना दिसेल अशा जागी, शाळेच्या दूरध्वनी क्रमांकासह एक पाटी लावली. विडी पूर्ण बंद झाली असा माझा दावा नाही. पण पुढच्या दौऱ्यांत चालक गाडी थांबवून, खाली उतरून ओढताना दिसू लागले. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितले की मुले आता पाटीकडे बोट दाखवतात. काही बोलत नाहीत, नुसते बोट दाखवतात.

याच सुमारास, २००९ च्या उन्हाळ्यात, माझे वडील माझ्या बहिणीकडे टोरांटोजवळ तीन महिने राहायला गेले होते. निवृत्त शिक्षक, दिवसाला पाचसहा सिगारेटींची जन्माची सवय. विमानतळावरून घरी जाताना त्यांनी खिशातून पाकीट काढले तेव्हा मागे बसलेला माझा आठ वर्षांचा भाचा म्हणाला, "आजोबा, गाडीत नाही. मी सोळा वर्षांचा होईपर्यंत नाही."

"म्हणजे अजून आठ वर्षे?" अण्णांनी विचारले.

"हो."

अण्णांनी पाकीट परत खिशात ठेवले. आमच्या घरात अण्णांना असे सांगण्याची प्राज्ञा आम्हा भावंडांपैकी कोणाचीही कधी झाली नव्हती. आमची आई चाळीस वर्षे त्या धुरात खोकत राहिली व एकदाही बोलली नाही. भारतात परतल्यावर मी त्यांना पुण्याहून साताऱ्याला गाडीने नेत होतो, माझी धाकटी मुलगी सोबत होती. खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत त्यांनी सिगारेट काढली नाही, तेव्हा मी सहज विचारले. ते म्हणाले, "तिकडच्या नातवाला आठ वर्षांचा शब्द दिला आहे. इकडच्या नातीला कमी कसा देऊ?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पोराने मला विचारले नाही रे, सांगितले. मला बरे वाटले."

त्या मुलाला कायद्याचे कलम ठाऊक नव्हते, दंडाची रक्कम ठाऊक नव्हती. शाळेत कोणीतरी सांगितलेले एक वाक्य त्याच्यापाशी होते, आणि ते वाक्य आपल्या पाठीशी उभे आहे याची त्याला खात्री होती. ओंटारिओच्या पोलिसांनी त्या वर्षी किती जणांना दंड केला यावरून त्या कायद्याचे यश मोजणे मला म्हणूनच अपुरे वाटते.

माझी सूचना थोडक्यात अशी आहे. मोटार वाहन कायद्यातील कलम १९४ ब च्या शेजारी एक छोटे कलम घालावे: अठरा वर्षांखालील व्यक्ती वाहनात असताना कोणीही धूम्रपान करू नये व चालकाने करू देऊ नये. पहिल्या वेळी समज, नंतर माफक दंड. केवळ या कारणासाठी गाडी थांबवण्याचा अधिकार नसावा. शाळेची व्हॅन व सवारी वाहने यांच्या परवान्यात ही अट आजच घालता येते, त्यासाठी संसदेची वाट पाहण्याची गरज नाही. जिल्हाधिकारी व परिवहन अधिकारी यांनी मनावर घेतले तर महिन्याभराचे काम आहे. आणि शालेय पाठ्यपुस्तकात या विषयावर दोन ओळी असाव्यात, कारण या कायद्याची खरी अंमलबजावणी मागच्या आसनावरून होणार आहे.

परदेशातील वाचकांना एक विनंती. उन्हाळ्याच्या सुटीत आपण मुलांना घेऊन गावी येता, विमानतळावर भाड्याची गाडी घेता किंवा एखादे काका-मामा न्यायला येतात. त्या गाडीत कोणी सिगारेट काढली तर संकोचाने गप्प बसू नका, आणि तिकडे असे असते म्हणून ऐट मिरवून सांगूही नका. मूल आहे, खाली उतरून ओढा, एवढेच म्हणा. शक्य असेल तर ते वाक्य मुलालाच मराठीत शिकवून ठेवा.